कोयता की कुऱ्हाड?

पावसाळा संपला की खेड्यातल्या बहुतेक शाळांत एक श्रमदान ठरलेले असते. आवारात माजलेले रान काढायचे. आमच्याही शाळेत ते झाले. कुंपणाच्या कडेने घाणेरी दाटली होती, ओढ्याच्या अंगाला वेडी बाभूळ पसरली होती आणि वावटळीत पडलेले गावठी बाभळीचे एक खोड वर्षभर तसेच आडवे पडून होते. मुलांनी धारेची हत्यारे आणायची नाहीत, तोडायचे काम पालकांनी करायचे आणि मुलांनी तोडलेले वाहून न्यायचे, असे ठरले होते.

दहा-बारा पालक आले. येताना ज्याने त्याने आपापले हत्यार आणले. ऊसतोडीला जाणाऱ्यांकडे रुंद, पातळ पात्याचे कोयते होते. दोघांकडे कुऱ्हाडी होत्या. कोकणातून बदलून आलेल्या एका गुरुजींनी आपली जाड पाठीची, वाकड्या नाकाची कोयती आणली होती. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी खुकरी आणली होती. काम सुरू होण्याआधीच वाद सुरू झाला: सगळ्यांत चांगले हत्यार कोणते?

वादाचा निकाल झाडांनीच द्यायला सुरुवात केली. घाणेरीच्या बोटभर जाड फांदीवर एकाने कुऱ्हाड घातली. फांदी वाकली, बाजूला झाली आणि कुऱ्हाड तशीच खाली आली. त्यांच्या नडगीपासून ती वीतभरच लांबून गेली. सगळे एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने दुसऱ्या एकाने वाळलेल्या बाभळीच्या खोडावर ऊसतोडीचा कोयता चालवला. तीन-चार घावांत कोयता लाकडात रुतून बसला आणि ओढून काढला तेव्हा त्याच्या धारेला दाते पडलेले दिसले.

तेवढ्यात आठवीतली एक मुलगी पुढे आली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर तीही जाते. ती म्हणाली, "बाई, फांदी आधी एका हाताने वाकवून धरायची, मग बुडात तिरका घाव घालायचा. नुसतं मारून नाही तुटत." तिच्या वडिलांनी तसे करून दाखवले. एका घावात फांदी वेगळी झाली.

त्या एका वाक्यात विज्ञानाचे निदान तीन धडे आहेत. ते उलगडावेत, म्हणून हा लेख.

धार काय करते?

कोणतेही तोडण्याचे हत्यार ही मुळात एक पाचर असते. पाचर दोन कामे करते. तिची पुढची कड, म्हणजे धार, लाकडाचे तंतू तोडते आणि तिच्या दोन्ही बाजू तुटलेले भाग एकमेकांपासून दूर ढकलतात.

पहिले काम दाबाचे आहे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. समजा, घाव घालताना पात्याचा १० से.मी. भाग लाकडाला भिडतो. धारेची रुंदी ०.०२ मि.मी. धरली, तर भिडणारे क्षेत्रफळ १०० × ०.०२ म्हणजे २ चौ.मि.मी. होते. त्याच पात्याची पाठ ५ मि.मी. जाड असेल, तर पाठीने मारल्यावर क्षेत्रफळ ५०० चौ.मि.मी. होईल. तेवढ्याच बलाने धारेखालचा दाब पाठीखालच्या दाबाच्या २५० पट असतो. आता धार बोथट होऊन ०.२ मि.मी. रुंद झाली असे समजू. दाब एकदम दहाव्या हिश्शावर येतो. ही भर ताकदीने काढायची म्हटली, तर दसपट बल लावावे लागेल. म्हणून अनुभवी माणूस दमला की जोर वाढवत नाही, कानस काढून बसतो.

दुसरे काम पाचरीच्या कोनाचे आहे. वर्गात यासाठी पट्टी घेऊन मोजमाप करता येते. ऊसतोडीच्या एखाद्या कोयत्याची जाडी धारेपासून ६ से.मी. मागे ४ मि.मी. भरते असे धरू. कुऱ्हाडीची जाडी तेवढ्याच अंतरावर २० मि.मी. धरू. दोन्ही हत्यारे ३ से.मी. खोल घुसायची असतील, तर कोयत्याला लाकूड २ मि.मी. फाकवावे लागेल, कुऱ्हाडीला १० मि.मी. मग कोयता कमी बलात खोल जाणार हे उघड आहे. उसासारख्या किंवा ओल्या फांदीसारख्या मऊ वस्तूत तो सहज पार होतो.

पण जाड लाकडात हाच गुण अवगुण ठरतो. पातळ पात्याने केलेली चीर अरुंद राहते. तिच्या दोन्ही भिंती पात्याला गच्च आवळतात, घर्षण वाढते आणि पाते अडकते. कुऱ्हाडीची जाड पाचर लाकूड जोराने फाकवते. त्यामुळे धारेच्या पुढेच लाकडात भेग धावते, ढलपी उडते आणि कुऱ्हाड मोकळी होते.

लाकडाचा स्वभाव

हे समजायला लाकडाची रचना ध्यानात घ्यायला हवी. लाकूड म्हणजे लांबच लांब तंतूंची घट्ट चिकटवलेली जुडी. तंतू आडवे तोडणे फार कठीण असते, पण दोन तंतूंमधली चिकटण सोडवणे त्या मानाने सोपे. म्हणूनच फाटीचा ओंडका उभा ठेवून एका घावात दुभंगतो, पण तोच ओंडका आडवा तोडायला पंचवीस घाव लागतात.

तिरका घाव घालण्याचे मर्म इथे आहे. तिरका घाव काही प्रमाणात तंतू तोडतो आणि काही प्रमाणात ते एकमेकांपासून सोडवतो. लाकूडतोड्या खोडावर सरळ घाव कधीच घालत नाही. एक घाव डावीकडून तिरका, दुसरा उजवीकडून तिरका, असे करत तो इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच पाडतो. खाचेचे तोंड जवळजवळ खोडाच्या जाडीइतके रुंद ठेवतो. नवखा माणूस अरुंद खाच पाडतो आणि अर्ध्यावर कुऱ्हाड अडकवून बसतो.

आता त्या मुलीचे पहिले सांगणे पाहा: फांदी वाकवून धरायची. फांदी वाकवली की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात. ताणलेली दोरी ब्लेड लागताच तुटते आणि सैल दोरी ब्लेडपुढे सरकत राहते, हे आपण पाहिलेले असते. वाकवलेल्या फांदीच्या ताणलेल्या बाजूवर घाव बसला की तंतू तुटतात आणि कापलेले तोंड आपोआप फाकते. पाते अडकत नाही. फांदीला बाजूला पळायलाही जागा राहत नाही. मात्र धरलेला हात घावाच्या जागेपासून चांगला दूर आणि वरच्या अंगाला असला पाहिजे.

वेग कशाला हवा?

न धरलेली कोवळी फांदी तोडायची असेल तर? तिला मागून कशाचाही टेकू नाही. हळू ढकलले तर ती वाकते. ती जागेवर राहते ती फक्त स्वतःच्या जडत्वामुळे, आणि तेही क्षणभर. त्या क्षणात पाते पार व्हायला हवे.

फांदी २ से.मी. जाड आहे असे समजू. दर सेकंदाला १२ मीटर वेगाचे पाते तेवढे अंतर सेकंदाच्या सुमारे सहाशेव्या भागात ओलांडते. दर सेकंदाला २ मीटर वेगाच्या पात्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. कापताना पात्याचा वेग कमी होत जातो, म्हणून हे आकडे ढोबळच आहेत. तरी फरक कळायला पुरेसे आहेत. पेल्यावरच्या पत्त्याला टिचकी मारल्यावर नाणे पेल्यात पडते, तोच हा प्रयोग. टिचकी हळू मारली तर नाणे पत्त्याबरोबर जाते.

बुडात घाव घालण्याचे कारणही आता कळेल. फांदी बुडाशी जाड आणि ताठ असते, शेंड्याकडे लवचीक. बुडात घाव घातला की जमिनीत रुतलेले मूळच टेकूचे काम करते.

वजनाचा हिशोब

हलके हत्यार वेगाने फिरते, जड हत्यार हळू फिरते. मग घावाचा जोर कशावर? गतिज ऊर्जेचे सूत्र सगळ्यांच्या ओळखीचे आहे: वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. उदाहरणापुरते काही आकडे धरू. अर्धा किलोचा कोयता सेकंदाला १२ मीटर वेगाने आला, तर त्याची ऊर्जा ३६ ज्यूल होते. दीड किलोची कुऱ्हाड सेकंदाला १० मीटर वेगाने आली, तर तिची ऊर्जा ७५ ज्यूल होते. वेग कमी असूनही कुऱ्हाडीची ऊर्जा दुपटीहून जास्त आहे. संवेग काढला तर कोयत्याचा ६ आणि कुऱ्हाडीचा १५, म्हणजे अडीच पट. जाड लाकडात घुसत राहायला हेच लागते.

मग कुऱ्हाड आणखी जड का करू नये? कारण हाताला ती त्याच वेगाने फिरवता येणार नाही, आणि वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाईवर येते. शिवाय घाव एकदाच घालायचा नसतो. प्रत्येक घावाआधी हत्यार उचलावे लागते. ज्या वजनाने तासभर सारख्या वेगाने काम करता येते ते वजन योग्य. त्या मापाला माणसाचे शरीरच वजनकाटा.

कुऱ्हाडीचा लांब दांडाही फुकट नसतो. फिरणाऱ्या वस्तूचा वेग मध्यापासूनच्या अंतराबरोबर वाढतो. हात तेवढ्याच झपाट्याने फिरला तरी लांब दांड्याच्या टोकाचे पाते जास्त वेगाने जाते. पण त्यासाठी मोकळी जागा हवी. घाणेरीच्या जाळीत लांब दांडा फांद्यांत अडकतो. तिथे आखूड कोयताच चालतो.

हाताला झिणझिण्या का येतात?

काही हत्यारांनी घाव घातला की मुठीत कळ जाते, काहींनी जात नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना बॅटबाबत हे नेमके माहीत असते. त्याचा उलगडा एका मीटरपट्टीने करता येतो.

पट्टीचे वरचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात अगदी सैल धरून ती लोंबकळत ठेवा. दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीने पट्टीवर हलके टोले द्या. वरच्या भागात टोला दिला की धरलेले टोक टोल्याच्या दिशेने उसळते. अगदी खालच्या टोकाला दिला की ते उलट्या दिशेला उसळते. मधे एक जागा अशी सापडते, की तिथे टोला दिला तर बोटांना काहीच जाणवत नाही. एकसारख्या जाडीच्या पट्टीत ही जागा वरून सुमारे ६७ से.मी.वर, म्हणजे दोन-तृतीयांश लांबीवर असते. तिला आघात-केंद्र म्हणू.

हत्याराचे वजन जितके पुढे, तितके हे केंद्रही पुढे सरकते. कुऱ्हाडीत जवळजवळ सगळे वजन पात्यात असते, म्हणून आघात-केंद्र पात्यापाशीच येते. कोयत्याचे पाते मुठीकडे अरुंद आणि पुढे रुंद असते. खुकरी मध्येच पुढे वाकते आणि तिथेच तिचे पोट सुटते. रूप वेगळे असले तरी हेतू एकच: वजन जिथे घाव बसतो तिथे न्यायचे आणि मूठ निवांत ठेवायची.

नाक वाकडे का?

कोकणातल्या कोयतीचे पुढचे टोक धारेच्या बाजूला वळलेले असते. त्याचा एक उपयोग उघड आहे. फांदी पात्यावरून पुढे घसरून निसटत नाही, बाकात सापडते. कोयती ओढून घेताना ती कापली जाते. काटेरी जाळीतली फांदी हात न घालता बाहेर ओढायलाही हे नाक उपयोगी पडते.

दुसरा उपयोग जरा सूक्ष्म आहे. बाकदार धार फांदीला सरळ न भिडता तिरकी भिडते. सरळ चढाचा डोंगर आपण घाटरस्त्याने तिरके चढतो. उंची तेवढीच असते, पण चढ कमी होतो. पात्याचेही तसेच आहे. ३० मि.मी. सरळ जाताना लाकूड २ मि.मी. फाकत असेल, तर ४५ अंशांनी तिरके गेल्यावर तेच २ मि.मी. सुमारे ४२ मि.मी. अंतरात फाकते. पाचर जणू आपोआप बारीक होते. विळीवर भाजी दाबून न चिरता सरकवत चिरतात, त्यातही हेच आहे.

पाणी दिले म्हणजे काय केले?

आकार सारखा असूनही एक कोयता वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसऱ्याची धार वळते. फरक पोलादात असतो. लोखंडात कार्बनचे प्रमाण किती, यावर सारे अवलंबून आहे. साध्या सळईत ते पाव टक्क्याच्या आतबाहेर असते आणि अशा लोखंडाला नीट कठीण करता येत नाही. मालमोटारीच्या कमानपाट्यात ते सुमारे अर्धा ते पाऊण टक्का असते. म्हणून गावचा लोहार भंगारातला कमानपाटा शोधून आणतो.

पाते भट्टीत तापवून लाल करतात, सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत, आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात. यालाच लोहार पाणी देणे म्हणतात. अचानक थंड झाल्यामुळे कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकात कोंडले जातात आणि पोलाद फार कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून पाते घासून चकचकीत करून पुन्हा बेताने तापवतात. पृष्ठभागावर रंग चढू लागतात: सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. रंग जसा पुढे जातो तसा ठिसूळपणा कमी होतो आणि थोडा कठीणपणाही जातो. वस्तऱ्याला पिवळा रंग पुरे, कारण त्याला दणका सोसायचा नसतो. कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्यापर्यंत न्यावे लागते. लोहाराचा डोळा इथे तापमापीचे काम करतो.

शिक्षकांना हे एका शिवणाच्या सुईवर दाखवता येईल. चिमट्यात धरून सुई लाल तापवा आणि हवेत सावकाश निवू द्या. ती तारेसारखी वाकते. दुसरी सुई लाल करून पाण्यात बुडवा. वाकवायला गेल्यास ती कट्कन मोडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि सुई फडक्यात धरूनच वाकवा. तिसरी सुई बुडवून, घासून, पुन्हा निळी होईपर्यंत तापवा. ती लवचीक होते.

यातून एक व्यवहारी सूचना निघते. विजेच्या सहाणेवर धार लावताना पात्याची कड निळी पडली, तर समजावे की तिथला कठीणपणा गेला. म्हणून धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवायचे, किंवा कानशीने हातानेच धार करायची. कोयत्याची धार कानस लागेल इतपतच कठीण ठेवतात, कारण ती फडातच पुन्हा करावी लागते. धार पार झिजली की लोहाराकडे शेवटून घ्यायची.

देशोदेशींची भावंडे

हत्यारांची रूपे त्या त्या भागातल्या वनस्पतींनी घडवली आहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ऊस, गवत आणि मऊ देठांची झाडी तोडायला मॅचेटी वापरतात. तिचे पाते साधारण दोन-तीन मि.मी. जाड, पण हातभर लांब असते. सगळा भर वेगावर. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या जंगलात लाकूड जास्त चिवट असते. तिथला पारांग त्यामुळे आखूड, जाड आणि पुढे जड असतो. नेपाळची खुकरी फाटी फोडण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळे करते. तमिळनाडूतला अरुवाळ आणि इंग्लंडमध्ये झुडपांची कुंपणे विणताना वापरतात तो बिलहुक, हे दोन्ही आपल्या कोयतीशेजारी ठेवले तर सख्खी भावंडे वाटतील. एकाच अडचणीवर दूरदूरच्या लोहारांना एकच उत्तर सापडले आहे.

दांड्याचीही निवड अशीच होते. आपल्याकडे कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा नावाजलेला आहे. तो चिवट असतो आणि दणका पचवतो. तंतू दांड्याच्या लांबीला समांतर असतील असे लाकूड निवडतात. तंतू आडवे गेले तर दांडा तिथेच मोडतो. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण फितुरीसाठी वापरतो, पण दांडा लाकडाचाच का, याचे उत्तर तिच्यात नाही. ते लाकडाच्या दणका शोषण्याच्या गुणात आहे.

माणूस म्हणजे एक कोयता

आता हत्यार धरणाऱ्या हाताकडे वळू. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. दोन माणसांचे नाव हत्यारावरून पडावे, यावरून त्या हत्याराशी त्यांचा किती संबंध येतो ते कळते.

हिशोब करून पाहू. एक ऊस सव्वा किलोचा धरला, तर एक टनात ८०० ऊस होतात. जोडीने दिवसात दोन टन तोडले असे समजू. म्हणजे १६०० ऊस. प्रत्येकाला बुडात एक आणि शेंड्याला, वाढे उडवायला, एक असे निदान दोन घाव. पाचट काढायचे घाव सोडून दिले तरी ३२०० घाव झाले. अर्धा किलोचा कोयता ३२०० वेळा उचलणे म्हणजे दिवसभरात १६०० किलो वजन उचलणे. कोयता फक्त १०० ग्रॅमने जड असेल, तर ३२० किलो जास्त. दुकानात हातात घेतल्यावर न जाणवणारा फरक संध्याकाळी खांद्यात जाणवतो.

शिवाय बुडातला घाव जमिनीलगत घालावा लागतो. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते आणि खोडवा नीट फुटायलाही बुडखा खोलवर छाटलेला हवा. म्हणून प्रत्येक उसामागे कमरेत वाकायचे. इथे कोयता जेमतेम अर्धा किलोचा, पण उचलायचे असते ते स्वतःचे अर्धे शरीर. मूठ लांब केली तर वाकणे कमी होईल, पण आखूड मुठीवर जो ताबा असतो तो राहणार नाही. हा प्रश्न आपल्या मुलांपुढे जरूर ठेवावा. तो पुस्तकातला नाही, आणि त्याचे उत्तर सापडले तर लाखो कमरांना उपयोगी पडेल.

तर मग चांगले कोणते?

आता वादाचा निकाल सांगता येईल. गवत, ऊस, बोटभर जाडीच्या ओल्या फांद्या यांना पातळ, हलका, वेगाने फिरणारा कोयता. मनगटाएवढ्या फांद्या, बांबू, काटेरी जाळी यांना जाड पाठीची, वाकड्या नाकाची कोयती किंवा खुकरी. मांडीएवढे खोड आणि वाळलेले लाकूड यांना कुऱ्हाड. एकाच हत्याराने सगळे करायचे असेल, तर ते प्रत्येक काम थोडे वाईट करेल हे धरून चालावे.

कोणतेही हत्यार निवडले तरी काही पथ्ये सारखीच आहेत. हात आणि दांडा मिळून दीड मीटरचा घेर होतो. दोघे शेजारी असले तर तीन मीटर, आणि हातातून निसटण्याचा विचार केला तर चार-पाच मीटर अंतर हवेच. घाव चुकला तर पाते कुठे जाईल, हे घाव घालण्याआधी पाहावे; त्या रेषेत स्वतःचा पाय नसावा. कुऱ्हाडीचे पाते दांड्यावर हलत असेल तर ती पाण्यात भिजवून भागत नाही. लाकूड फुगते, पण वाळल्यावर पुन्हा सैल होते. नवी पाचर ठोकावी. बोथट हत्यार सुरक्षित असते हा गैरसमज आहे. ते लाकडात न घुसता घसरते, आणि घसरलेला घावच माणसाला लागतो.

वर्गात करण्याजोगे एक काम सुचवतो. मुलांनी गावातल्या निरनिराळ्या तोडण्याच्या हत्यारांची नोंद करावी. हत्याराचे गावातले नाव, वजन, लांबी, पाठीची जाडी, धार सरळ की बाकदार, ते कशासाठी वापरतात, कुठल्या लोखंडाचे, दांडा कोणत्या लाकडाचा, असे रकाने आखावेत. गुरुत्वमध्य काढायला मोठ्या माणसाने हत्यार एका दोरीच्या फासात आडवे तोलून दाखवावे आणि मुलांनी मुठीपासूनचे अंतर मोजावे. धारेला मुलांनी हात लावायचा नाही. मग नोंदी समोर ठेवून विचारावे: गुरुत्वमध्य आणि काम यांचा काही संबंध दिसतो का? लोहार, सुतार, ऊसतोड कामगार यांना वर्गात बोलावून खरे-खोटे करून घ्यावे.

आमच्या वर्गात हा तक्ता भरायला घेतला तेव्हा सगळ्यांत जास्त रकाने त्या आठवीतल्या मुलीने भरले. जाड कोयता शेंड्याला का नको, धार कोणत्या वेळी करायची, ओला ऊस आणि वाळलेला ऊस यांत घाव कसा बदलतो, हे तिने सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. आघात-केंद्र हा शब्द तिला नवा होता, पण कोयत्याच्या कुठल्या भागाने मारले की हात दुखत नाही, हे तिने बोट ठेवून दाखवले. मीटरपट्टीचा प्रयोग केल्यावर ते बोट बरोबर जागी होते हे सगळ्या वर्गाला पटले.

दिवाळीनंतर तिचा बाक रिकामा असतो. तो उन्हाळ्याच्या तोंडावर भरतो, तोवर अभ्यासक्रम बराच पुढे गेलेला असतो आणि ती 'मागे पडलेली' ठरते. यंदा आम्ही एवढे ठरवले आहे, की ती परत येईल तेव्हा 'बल आणि दाब' हा धडा तिच्यापासून सुरू करायचा. तुमच्या वर्गातही असे एखादे मूल असेल. त्याला काय माहीत आहे ते विचारून पाहा, आणि मिळालेली उत्तरे आम्हालाही कळवा.